दोन-तृतीयांश बहुमत असलं म्हणजे आपले मूलभूत हक्क काढून घेता येतात का?

प्रश्न असा आहे: एखाद्या सरकारकडे संसदेच्या दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश बहुमत असेल, तर घटनादुरुस्ती करून ते आपले मूलभूत हक्क काढून घेऊ शकतं का? आणि घेतलेच, तर सामान्य माणसाच्या हातात काय उरतं?

आधी सरळ उत्तर देतो. हक्क कमी करता येतात, एखादा हक्क पूर्णपणे वगळताही येतो, आणि हे आपल्याकडे झालेलं आहे. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीआधी मूलभूत होता, आज तो मूलभूत नाही. पण हक्कांची सगळी व्यवस्थाच मोडीत काढायला गेलं तर न्यायालय आडवं येतं, आणि तेही झालेलं आहे. उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं रिट याचिका चालवताना माझं एक मत पक्कं झालं आहे. घटनादुरुस्ती आली की हक्काच्या मजकुरात काय बदललं ते सगळे बघतात. त्या हक्कासाठी दाद मागायची वाट उघडी ठेवली की बंद केली, हे त्याच्याही आधी बघायला हवं. आपल्याकडचे घटनादुरुस्तीचे मोठे वाद जवळजवळ सगळे त्या वाटेवरूनच पेटले. डॉ. आंबेडकरांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत एका अनुच्छेदाला संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटलं. समानतेचे, भाषणस्वातंत्र्याचे अनुच्छेद समोर असताना त्यांनी निवडला तो आजचा अनुच्छेद ३२, म्हणजे हक्क मोडला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क. त्यांनी तोच का निवडला, ते पुढच्या इतिहासावरून पटतं.

आता दुरुस्ती होते कशी ते पाहू. अनुच्छेद ३६८ प्रमाणे प्रत्येक सभागृहात दोन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात: एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी किमान दोन-तृतीयांश. लोकसभेच्या ५४३ जागा धरल्या तर किमान २७२ मतं हवीतच, आणि सगळे हजर राहून मतदान करत असतील तर ३६२. दोन्ही सभागृहांचं एकमत झालं नाही तर साध्या विधेयकासारखी संयुक्त बैठक घेता येत नाही, म्हणून राज्यसभेला इथे खरं वजन आहे. राष्ट्रपतींना मात्र १९७१ च्या २४व्या दुरुस्तीपासून संमती नाकारता येत नाही.

यातली एक गोष्ट भल्याभल्यांना ठाऊक नसते. काही दुरुस्त्यांना किमान निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांची मान्यता लागते. राष्ट्रपतींची निवडणूक, केंद्र-राज्य अधिकारवाटप, सातव्या अनुसूचीतल्या याद्या, सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं, जीएसटी परिषद, खुद्द अनुच्छेद ३६८, असे विषय त्या यादीत आहेत. मूलभूत हक्कांचा भाग तीन त्या यादीत नाही. म्हणजे जीएसटी परिषदेची रचना बदलायला राज्यांना विचारावं लागतं, पण तुमच्या जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या अनुच्छेद २१ ला हात लावायला एकाही विधानसभेला विचारायची गरज नाही. मला ही आपल्या संविधानातली खरीखुरी उणीव वाटते.

या यादीचा हिसका महाराष्ट्राने, खरं तर सगळ्या सहकार क्षेत्राने, अलीकडेच पाहिला. २०११ च्या ९७व्या दुरुस्तीने दोन गोष्टी केल्या: संघटना स्थापण्याच्या हक्कात ‘सहकारी संस्था’ हे शब्द घातले, आणि सहकारी संस्थांच्या कारभाराबद्दल ‘भाग नऊ-बी’ हा नवा भाग जोडला. सहकारी संस्था हा राज्यसूचीतला विषय, तरीही राज्यांची मान्यता घेतली गेली नाही. आव्हान आधी गुजरात उच्च न्यायालयात गेलं, तिथून सर्वोच्च न्यायालयात. जुलै २०२१ मध्ये भाग नऊ-बी राज्यांतर्गत सहकारी संस्थांपुरता रद्द झाला आणि बहुराज्य संस्थांपुरता टिकला. संस्था स्थापण्याचा हक्क मात्र जागच्या जागी राहिला, कारण तो भाग तीनमध्ये होता आणि त्याला राज्यांची मान्यता लागतच नव्हती. घटनादुरुस्तीला आव्हान द्यायचं तर आधी तपासायची ती ही कार्यपद्धती. मोठमोठ्या तत्त्वांवर युक्तिवाद करण्याआधी अनुसमर्थनाची, म्हणजे राज्यांच्या मान्यतेची, तारीख आहे का, एवढं पाहिलं तरी कधीकधी प्रकरण तिथेच उभं राहतं.

हक्कांना कात्री लावणारी पहिली दुरुस्ती संविधान लागू होऊन दीड वर्षही झालं नसताना आली. मुंबईतून ‘क्रॉस रोड्स’ नावाचं साप्ताहिक निघायचं. मद्रास सरकारने सार्वजनिक सुरक्षेचं कारण देऊन ते आपल्या प्रांतात येण्यावर बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने २६ मे १९५० रोजी ती बंदी उठवली, कारण त्या वेळच्या अनुच्छेद १९(२) मध्ये ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे कारणच नव्हतं. उत्तर म्हणून जून १९५१ मध्ये पहिली दुरुस्ती झाली, आणि ती केली हंगामी संसदेने. प्रौढ मताधिकारावर पहिली सार्वत्रिक निवडणूक अजून व्हायची होती. भाषणस्वातंत्र्यावर बंधनं घालायला तीन नवी कारणं आली: सार्वजनिक सुव्यवस्था, परदेशांशी मैत्रीचे संबंध आणि गुन्ह्याला चिथावणी.

इथवरची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. त्याच दुरुस्तीत आणखी एक शब्द आला, त्याकडे कमी लक्ष जातं. मूळ १९(२) मध्ये निर्बंध ‘वाजवी’ असावेत अशी अटच नव्हती. ती अट १९५१ मध्ये घातली गेली. त्या एका शब्दाने न्यायालयाला विचारायचा अधिकार मिळाला की कारण ठीक आहे, पण एवढा निर्बंध कशासाठी? पुढे २०१२ मध्ये पालघरला फेसबुकवरच्या एका पोस्टवरून दोन तरुणींना अटक झाली आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६-ए देशभर चर्चेत आलं. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं, ते याच कसोटीवर: निर्बंध १९(२) मधल्या कारणांत बसत नाही आणि वाजवीही नाही. हक्क कमी करण्यासाठी आणलेल्या दुरुस्तीतला एक शब्द चौसष्ट वर्षांनी हक्क वाचवायला कामी आला. म्हणून मी अशिलांना आणि कनिष्ठ वकिलांना सांगत असतो, की दुरुस्ती चांगली की वाईट हे मथळ्यावरून ठरवू नका, तिचं एकेक उपकलम वाचा.

पहिल्या दुरुस्तीने दुसरं जे केलं ते जास्त दूरगामी ठरलं. तिने नववी अनुसूची आणि अनुच्छेद ३१-बी आणला. या अनुसूचीत घातलेला कायदा मूलभूत हक्कांविरुद्ध आहे म्हणून रद्द करता येणार नाही, अशी तरतूद झाली. सुरुवातीला त्यात तेरा कायदे होते. पहिला बिहारचा जमीन सुधारणा कायदा आणि दुसरा आपला १९४८ चा मुंबई कुळवहिवाट कायदा. कुळकायद्याने महाराष्ट्रातल्या लाखो घरांचं नशीब पालटलं आणि कसणाऱ्याला जमीन मिळाली, याबद्दल माझ्या मनात जराही किंतु नाही. जमीनदारांच्या याचिकांखाली तो कायदा दबून जाऊ नये ही तळमळही मला समजते. पण चांगल्या कामासाठी न्यायालयाची वाट एकदा बंद केली की ती सोय कोणाच्याही हाती जाते. आज या अनुसूचीतल्या नोंदींचे क्रमांक २८४ पर्यंत गेले आहेत. आणीबाणीत ३९व्या दुरुस्तीने तिच्यात मिसा कायदा घातला गेला, ४०व्या दुरुस्तीने ‘आक्षेपार्ह मजकूर’ छापायला बंदी करणारा १९७६ चा कायदाही गेला. ज्या कायद्याखाली माणसं विनाचौकशी तुरुंगात होती, त्यालाच कुळकायद्याचं कवच! १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीने या नोंदी वगळल्या.

घटनादुरुस्तीचा अधिकार अमर्याद आहे का, हा प्रश्न न्यायालयात पहिल्यांदा १९५१ मध्येच आला आणि न्यायालयाने तेव्हा संसदेची बाजू घेतली. १९६५ च्या सज्जनसिंग खटल्यातही निकाल तोच लागला. पण त्यात न्यायमूर्ती ज. र. मुधोळकर यांनी एक शंका लिहून ठेवली: संविधानाच्या मूलभूत वैशिष्ट्यात बदल करणं ही नुसती दुरुस्ती म्हणायची, की तो संविधानाचा भाग नव्याने लिहिण्याचा प्रकार झाला? त्यासाठी त्यांनी पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६३ च्या एका निकालाचा आधार घेतला होता. ‘मूलभूत चौकट’, म्हणजे दुरुस्तीनेही मोडता न येणारा संविधानाचा गाभा, म्हटलं की आपण लगेच १९७३ चा केशवानंद खटला म्हणतो, पण ते बीज आपल्या न्यायालयात पेरलं गेलं ते या मराठी न्यायमूर्तींच्या शंकेतून. त्याच वर्षी डिट्रिच कॉनराड हे जर्मन अभ्यासक बनारस हिंदू विद्यापीठात याच विषयावर बोलून गेले. वायमार जर्मनीत संविधानाच्याच मार्गाने संविधान कसं पोखरलं गेलं, हे त्यांच्या देशाने भोगलं होतं. म्हणूनच १९४९ च्या जर्मन संविधानात काही तत्त्वं दुरुस्तीच्या कक्षेबाहेर ठेवल्याचं स्पष्ट लिहिलेलं आहे. आपल्याकडे तसं वाक्य नाही. ते न्यायालयाला संविधानाच्या पोटातून वाचून काढावं लागलं.

१९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सहा विरुद्ध पाच अशा निकालाने सांगितलं गेलं की संसदेला मूलभूत हक्क कमी करताच येणार नाहीत. मला हे टोकाचं वाटतं. हक्कांच्या मजकुराला कधीच हात लावायचा नाही म्हटलं तर जमिनीच्या फेरवाटपापासून आरक्षणापर्यंत सगळंच अडतं. संसदेने १९७१ मध्ये २४वी दुरुस्ती करून गोलकनाथ उलटवला आणि त्यातून २४ एप्रिल १९७३ चा केशवानंद भारती निकाल आला: तेरा न्यायमूर्ती, अडुसष्ट दिवस सुनावणी, सात विरुद्ध सहा. संविधानातल्या कुठल्याही भागात दुरुस्ती करता येईल, मूलभूत हक्कांतही, पण संविधानाची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. हा मधला मार्ग होता आणि मला तो योग्य वाटतो.

याचिकाकर्त्याला त्यातून काय मिळालं? केरळच्या एडनीर मठाचे प्रमुख मठाची जमीन वाचवायला आले होते. केरळचे जमीन कायदे नवव्या अनुसूचीत घालणारी २९वी दुरुस्ती न्यायालयाने वैध ठरवली. अधिकारकक्षेचं तत्त्व जिंकलं, पण याचिकाकर्त्याच्या हाती काही आलं नाही. संविधानिक खटल्यांत हे नेहमी होतं, आणि असा खटला लढू पाहणाऱ्याला मी हे पहिल्याच भेटीत सांगतो. २५व्या दुरुस्तीतला एक तुकडा मात्र त्या निकालाने उडवला. अमुक कायदा विशिष्ट मार्गदर्शक तत्त्वांसाठी आहे असं सरकारने त्यातच जाहीर केलं की न्यायालयाने ते तपासायचंच नाही, असा तो तुकडा होता. पुन्हा वाट बंद करण्याचाच प्रयत्न.

पुढे जे घडलं त्यामुळे केशवानंद निकालावर टीका करणाऱ्यांचीही मतं बदलली. ऑगस्ट १९७५ मध्ये पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयीन तपासणीबाहेर ठेवणारी ३९वी दुरुस्ती चार दिवसांत पार पडली: ७ तारखेला लोकसभा, ८ ला राज्यसभा, ९ ला शनिवारी बोलावलेल्या राज्यांच्या विधानसभा, १० ला राष्ट्रपतींची संमती. ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयात पंतप्रधान इंदिरा गांधींच्या निवडणुकीच्या अपिलाची सुनावणी होती. सगळं कसं नियमानुसार! विशेष बहुमत होतं, राज्यांची मान्यता होती. केशवानंद नसता तर त्या दुरुस्तीला हात लावायला न्यायालयाकडे फारसं काही नव्हतं. ७ नोव्हेंबर १९७५ ला न्यायालयाने तो भाग रद्द केला. केशवानंद खटल्यात केरळच्या बाजूने लढलेले एच. एम. सीरवाई, जे तेव्हा महाराष्ट्राचे महाधिवक्ता होते, त्यांनीही आणीबाणीच्या अनुभवानंतर मूलभूत चौकटीचं तत्त्व मान्य केलं.

यशवंत विष्णु चंद्रचूड यांचा प्रवास तर प्रत्येक कायद्याच्या विद्यार्थ्याने नीट अभ्यासावा. पुण्याचे हे न्यायमूर्ती केशवानंदमध्ये अल्पमतात होते. १९७६ च्या जबलपूर खटल्यात, आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला हेबियस कॉर्पसही (बेकायदा अटकेतून सुटकेचा न्यायालयीन आदेश) मागता येणार नाही असं म्हणणाऱ्या चार न्यायमूर्तींत ते होते. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात उभे राहिले. आणि १९८० मध्ये सरन्यायाधीश म्हणून मिनर्व्हा मिल्सचा बहुमताचा निकाल लिहिला तोही त्यांनीच. ४२व्या दुरुस्तीने अनुच्छेद ३६८ मध्ये लिहिलं होतं की घटनादुरुस्तीला कुठल्याच न्यायालयात आव्हान देता येणार नाही आणि संसदेच्या दुरुस्तीच्या अधिकाराला कसलीही मर्यादा नाही. निकालाने ही दोन्ही उपकलमं रद्द केली. मर्यादित अधिकार मिळालेल्याने तो अधिकार वापरून स्वतःलाच अमर्याद करून घेणं चालणार नाही, हा त्यामागचा विचार. माझ्या मते केशवानंदइतकाच हा निकाल महत्त्वाचा आहे, कारण इथे दाद मागण्याची वाटच चौकटीचा भाग ठरली.

४२व्या दुरुस्तीत वाट अरुंद करायच्या आणखी युक्त्या होत्या. केंद्रीय कायद्याची वैधता उच्च न्यायालयांनी तपासायची नाही. सर्वोच्च न्यायालयात किमान सात न्यायमूर्ती बसल्याशिवाय आणि त्यांतल्या दोन-तृतीयांशांनी म्हटल्याशिवाय कायदा रद्द होणार नाही. वाचताना या तरतुदी तांत्रिक वाटतात. पण गडचिरोलीतल्या किंवा नंदुरबारमधल्या माणसाला नागपूर, औरंगाबाद खंडपीठाऐवजी दिल्ली गाठायला लावणं म्हणजे काय, हे वकील ओळखतात. १९७७ च्या ४३व्या दुरुस्तीने त्या काढून टाकल्या, हे बरं झालं.

मग नवव्या अनुसूचीचं काय? महाराष्ट्राच्या शेतजमीन कमाल धारणा कायद्यावरच्या वामनराव खटल्याचा निकाल १९८० मध्ये लागला. त्यात न्यायालयाने २४ एप्रिल १९७३ ही सीमारेषा आखली. त्याआधी अनुसूचीत गेलेले कायदे सुरक्षित, नंतरचे मूलभूत चौकटीच्या कसोटीवर तपासता येतील. २००७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी कोएल्हो खटल्यात हे एकमताने पक्कं केलं आणि कसोटी हक्कावर होणाऱ्या प्रत्यक्ष परिणामाची ठेवली, विशेषतः अनुच्छेद १४, १९ आणि २१ वर. अमुक कायदा नवव्या अनुसूचीत टाका म्हणजे प्रश्न मिटला, असं आजही सभांमधून सांगितलं जातं. ते २००७ पासून खरं नाही.

जुने वाद संपले असंही समजू नका. मुंबईच्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारती संपादन करण्याच्या म्हाडा कायद्यातल्या तरतुदीवरून सुरू झालेलं प्रकरण ५ नोव्हेंबर २०२४ ला नऊ न्यायमूर्तींपुढे निकाली निघालं. त्यात एक प्रश्न असा होता: मार्गदर्शक तत्त्वांसाठी केलेल्या कायद्यांना संरक्षण देणारा अनुच्छेद ३१-सी ४२व्या दुरुस्तीने रुंदावला होता, ते रुंदावलेलं रूप १९८० मध्ये रद्द झालं, मग त्याआधीचा, केशवानंदने टिकवलेला मजकूर आपोआप परत जिवंत झाला का? न्यायालय म्हणालं, झाला. दुरुस्ती रद्द झाल्यावर नेमकं काय उरतं, हे ठरायला चव्वेचाळीस वर्षं लागली.

तेव्हा मूलभूत चौकट ही ढाल आहे का? आहे, पण ती शेवटच्या क्षणाची. शंभरावर दुरुस्त्यांपैकी या तत्त्वावर रद्द झालेल्या तरतुदी हाताच्या बोटांवर मोजता येतील. आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणाची १०३वी दुरुस्ती नोव्हेंबर २०२२ मध्ये तीन विरुद्ध दोन अशी टिकली. ‘माझ्या हक्कावर गदा आली’ एवढ्याने दुरुस्ती पडत नाही. त्या हक्काचा गाभाच गेला हे दाखवावं लागतं. मालमत्तेचा हक्क भाग तीनमधून गेला आणि अनुच्छेद ३००-ए मध्ये साधा संविधानिक हक्क म्हणून उरला, तेव्हा न्यायालयाने ते चालवून घेतलं. भूसंपादनाची नोटीस हातात घेऊन थेट अनुच्छेद ३२ खाली दिल्लीला जाण्याची सोय त्या दिवशी संपली. उच्च न्यायालयात दाद मागण्याचा अनुच्छेद २२६ उरला, आणि शेतकऱ्यांची अशी प्रकरणं आज तिथेच चालतात.

दुरुस्त्यांनी हक्क वाढवलेही आहेत. ४४व्या दुरुस्तीमुळे आणीबाणीतही अनुच्छेद २० आणि २१ स्थगित करता येत नाहीत. जबलपूर निकालाला खरं उत्तर आधी संसदेने दिलं, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल स्पष्ट शब्दांत उलटवला २०१७ मध्ये, खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात. पण संसदेने दिलेलं संसद परतही घेऊ शकते: १९८८ च्या ५९व्या दुरुस्तीने पंजाबपुरता अनुच्छेद २१ पुन्हा स्थगित करण्याजोगा केला होता. दोन वर्षांच्या आत ती दुरुस्ती मागे घेतली गेली, हे आपलं भाग्य. २००२ च्या ८६व्या दुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क दिला, पण तो प्रत्यक्ष लागू झाला १ एप्रिल २०१० ला. मधल्या काळात शाळेचं वय उलटून गेलेल्या मुलांना त्या दुरुस्तीचा काहीच उपयोग झाला नाही.

इथे मी ज्या गोष्टीसाठी हे उत्तर लिहायला घेतलं तिच्याकडे येतो. ४४व्या दुरुस्तीचं कलम ३ कोणाला आठवतं? आपल्या मूलभूत हक्कांच्या भागातच, अनुच्छेद २२ मध्ये, विनाखटला स्थानबद्धतेला परवानगी आहे. सध्याच्या मजकुराप्रमाणे सल्लागार मंडळाच्या (स्थानबद्धतेला पुरेसं कारण आहे का ते तपासणारं मंडळ) अभिप्रायाशिवाय माणसाला तीन महिन्यांपर्यंत डांबता येतं, आणि उच्च न्यायालयाचा न्यायाधीश व्हायला नुसती पात्र असलेली व्यक्तीही त्या मंडळावर बसू शकते. कलम ३ ने ही मुदत दोन महिने केली. मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने नेमायचं, अध्यक्ष कार्यरत न्यायमूर्ती हवेत आणि बाकीचे कार्यरत किंवा निवृत्त न्यायमूर्ती हवेत, असं ठरवलं. संसदेने ते मंजूर केलं, राज्यांनी मान्यता दिली, राष्ट्रपतींची सही झाली. फक्त केंद्र सरकारने अधिसूचना काढून ते लागू करायचं होतं. आजवर एकाही सरकारने ती काढलेली नाही. ए. के. रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला विनंती केली गेली, पण सरकारला तसा आदेश द्यायला न्यायालयाने नकार दिला. संसदेने विशेष बहुमताने दिलेलं संरक्षण चाळीसहून अधिक वर्षं मंत्रालयाच्या कागदांत पडून आहे. हक्क कमी करणारी ३९वी दुरुस्ती चार दिवसांत लागू झाली होती.

ज्यांच्या घरातला माणूस एमपीडीए (महाराष्ट्राचा स्थानबद्धतेचा कायदा) किंवा राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली उचलला गेला आहे, त्यांना या तीन आणि दोन महिन्यांतला फरक विचारा. ते कार्यालयात येतात तेव्हा हातात आदेशाची प्रत आणि सोबत जाडजूड कागदांचं बाड असतं. मी आधी गुन्ह्यांची यादी वाचत नाही, तारखा वाचतो: शेवटची घटना कधीची, प्रस्ताव कधी गेला, आदेश कधी निघाला, बजावला कधी, निवेदनावर निर्णय कधी झाला. मग भाषा बघतो. माणूस फक्त मराठी वाचणारा आणि स्थानबद्धतेची कारणं इंग्रजीत दिलेली, असं असेल तर आदेश टिकणं कठीण. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात याच मुद्द्यावर हिंदी जाणणाऱ्या स्थानबद्धाला सोडलं होतं. मग अस्पष्ट झेरॉक्स शोधतो, कारण न वाचता येणारं पान म्हणजे न दिलेलं पान. मूलभूत हक्क रोजच्या कामात असा दिसतो. त्याला धक्का बसतो तो बहुतेक वेळा साध्या कायद्याने, एखाद्या अधिकाऱ्याच्या आदेशाने किंवा न काढलेल्या अधिसूचनेने. त्यासाठी कोणालाही दोन-तृतीयांश बहुमत लागत नाही.

तरीही घटनादुरुस्ती विधेयक आलं तर ते मिळवा आणि स्वतः वाचा. बहुधा दोन-चार पानांचं असतं. सोबतचं उद्दिष्टं आणि कारणांचं निवेदन शेवटी वाचा, नाहीतर मजकुराआधीच मत बनतं. ‘या संविधानात काहीही असले तरी’ असे शब्द कुठे आहेत ते शोधा आणि तिथे थांबून कोणता अनुच्छेद बाजूला पडतोय ते पाहा. ‘कोणत्याही न्यायालयात प्रश्न उपस्थित करता येणार नाही’ अशी ओळ असेल तर ती अधोरेखित करा. दुरुस्ती मागच्या तारखेपासून लागू करत असतील तर त्या तारखेला कोणता खटला चालू होता ते बघा. राज्यांची मान्यता लागते का, आणि अमलाची तारीख विधेयकातच आहे की सरकारच्या अधिसूचनेवर सोडली आहे, हेही तपासा.

आव्हान द्यायचं ठरलं तर उच्च न्यायालयातही देता येतं, दिल्लीलाच जायला हवं असं नाही. अंतरिम स्थगितीची आशा मात्र धरू नका. घटनादुरुस्तीला न्यायालयं सहसा स्थगिती देत नाहीत. १०३वी दुरुस्ती जानेवारी २०१९ मध्ये झाली आणि निकाल आला नोव्हेंबर २०२२ मध्ये. मधली सगळी वर्षं ती लागूच होती. म्हणून याचिकेत तत्त्वांबरोबर ज्याच्यावर प्रत्यक्ष परिणाम झाला त्या माणसाची कागदपत्रं, अर्ज, नकाराचं पत्र आणि तारखा जोडा, आणि मुख्य मागणी फेटाळली गेली तरी त्या माणसापुरता काय दिलासा हवा, ती पर्यायी मागणी वेगळ्या परिच्छेदात लिहा.